पिवळे एलईडी फॉग लॅम्प: समोर उभं राहून केलेली परीक्षा

गाडीच्या दिव्यांबद्दल लोक जे लिहितात ते जवळजवळ सगळं स्टीअरिंगमागे बसून लिहिलेलं असतं. "रस्ता दिवसासारखा लख्ख दिसतो." "पैसे वसूल." "समोरचा आपोआप बाजूला होतो." हे शेवटचं तर कौतुक म्हणून लिहितात! समोरचा बाजूला का होतो? तर त्याला काही दिसेनासं झालेलं असतं म्हणून. तेव्हा या फॉग लॅम्पच्या जोडीची परीक्षा मी उलटीकडून केली. आधी समोर उभं राहून, मग आरशातून, आणि सगळ्यात शेवटी सीटवरून.

माझा धंदा प्रकाशयोजनेचा, म्हणजे नाटकांचे दिवे लावायचा. प्रयोग संपवून, दिवे उतरवून, केबली गुंडाळून निघेपर्यंत मध्यरात्र उलटते. त्यामुळे माझं बरंचसं ड्रायव्हिंग रात्रीचं, आणि थंडीत पहाटेच्या धुक्यातलं. या धंद्याने एक खोड लावली आहे. दिवा कुठे पडतोय यापेक्षा तो कुठे पडता कामा नये हे मी आधी बघतो. एखादा दिवा प्रेक्षकाच्या डोळ्यांत गेला की त्या खुर्चीपुरतं नाटक संपलं. मग दिवा कितीही भारी असो.

घेतली ती वस्तू अशी. अख्खे लॅम्प: पुढे काच, आत भिंग आणि पिवळा एलईडी, मागे उष्णता सोडायला ॲल्युमिनियमचे पंख. सोबत ब्रॅकेट, वायरिंग, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी कळ), फ्यूज आणि डॅशबोर्डवर बसवायचा स्विच. नुसते बल्ब नव्हेत, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हेच लॅम्प निरनिराळ्या नावांच्या खोक्यांत भरून विकले जातात, तेव्हा नावावरून काही कळत नाही. कळतं ते काचेवरून. काचेत ओतलेला एक छोटा गोल शोधायचा. त्यात इंग्रजी ई आणि एक आकडा असतो. आकडा म्हणजे मंजुरी देणारा देश: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स. त्याच्या आसपास बी किंवा एफ३ अशी खूण असेल तर तो खरोखर पुढचा फॉग लॅम्प म्हणून तपासला गेलेला आहे. बी हा जुना वर्ग. एफ३ नंतरचा आणि जास्त काटेकोर. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत पुढच्या फॉग लॅम्पसाठी वर्षानुवर्षं नियम १९ होता, आता रस्ता उजळणाऱ्या बाकीच्या दिव्यांबरोबर तो नियम १४९ मध्ये घातला आहे. या जोडीच्या काचेवर एफ३ आहे. पुठ्ठ्यावर "ई-मार्क" छापलेलं असेल आणि काचेवर काहीच नसेल, तर तो छापखान्याचा दाखला समजा.

बसवायला सोपे आहेत असं म्हणवत नाही. ब्रॅकेट धड आहेत, पण सूचनांचा कागद म्हणजे कुठल्यातरी फोटोची झेरॉक्स, आणि त्यात रिलेच्या कुठल्या पायाला कुठली वायर हे भिंग घेऊनही वाचता येत नाही. मी माझं मी केलं, कारण हातात कटर आणि टेस्टर घेऊनच जन्म गेला. तुम्ही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. जाताना एवढंच बजावा की फॉग लॅम्प पार्किंग लाइट लागल्याशिवाय लागता कामा नयेत आणि मुख्य दिवे बंद केले की आपोआप विझले पाहिजेत. नाहीतर काही कारागीर थेट बॅटरीवरून लाइन ओढून मोकळे होतात.

उंचीचं गणित मात्र कारागिरावर सोडू नका. साध्या मोटारीसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम ४८ सांगतो की पुढचा फॉग लॅम्प जमिनीपासून २५० मिलिमीटरच्या खाली नको आणि ८०० च्या वर नको. छपरावर किंवा बॉनेटच्या कडेला "फॉग" म्हणून जे चौकोनी पट्टे बसवतात, ते या हिशेबात फॉग लॅम्प नव्हेतच. खाली का, हे मला धंद्यातून आधीपासून ठाऊक होतं. रंगमंचावर आम्ही मुद्दाम धूर सोडतो. स्वच्छ हवेत दिव्याचा झोत दिसतच नाही. तो ज्यावर पडतो ते दिसतं. धूर सोडला की झोतच दिसायला लागतो, आणि झोतापलीकडचा नट पुसट होतो. संगीत नाटकात देव प्रकट व्हायचा असेल तेव्हा हे फार उपयोगी पडतं. रस्त्यावरच्या धुक्यात अगदी हेच होतं, फक्त तिथे देव प्रकट व्हायला नको असतो, वळण दिसायला हवं असतं. हाय बीम लावला की आपल्या नजरेच्याच रेषेत तो उजळलेला धुकट पडदा उभा राहतो. दिवा खाली असला आणि त्याचा उजेड वरून सपाट कापलेला असला, तर उजळलेलं धुकं नजरेच्या खाली राहतं आणि त्याच्यावरून रस्त्याची कड दिसते. फॉग लॅम्पची सगळी करामत त्या कापलेल्या वरच्या कडेत आहे. ताकदीत नाही.

ती कड कशी आहे ते बघायला गाडी नाट्यगृहामागच्या मोकळ्या जागेत, भिंतीपासून बरोबर १० मीटरवर उभी केली. लॅम्पचा मध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर. एफ३ वर्गाच्या लॅम्पची कड निदान १ टक्का खाली झुकलेली हवी, जुन्या बी वर्गाची दीड टक्का. मी दीड धरली. म्हणजे १० मीटरवर १५ सेंटिमीटर खाली, भिंतीवर ३० सेंटिमीटरच्या उंचीला. खडूने रेघ मारली आणि स्क्रू फिरवत गेलो. भिंतीवर जे उमटलं ते बघून मनापासून बरं वाटलं. रंगमंचावरच्या प्रोफाइल दिव्याचं, म्हणजे ज्याचा झोत पत्र्याच्या झडपांनी कापता येतो त्याचं, वरचं शटर आत ढकलल्यावर पडते तशी सरळ, धारदार कड, दोन्ही बाजूंना गाडीच्या रुंदीच्या कितीतरी पलीकडे गेलेली. रेघेच्या वर उजेड जवळजवळ नाहीच. कडेला बारीकशी निळसर झालर येते, स्वस्त भिंगात येतेच, पण या पिवळ्या एलईडीत ती जेमतेम जाणवते. डावा लॅम्प किंचित तिरका बसला होता, म्हणजे ब्रॅकेटचं भोक मूळचंच थोडं सरकलेलं आहे. वॉशर घालून सरळ केला.

मग शेजाऱ्यांची गाडी तिथेच आणवली. त्यांच्या गाडीत कंपनीचे हॅलोजनचे फॉग लॅम्प आहेत आणि त्यांत त्यांनी पांढऱ्या एलईडीचे बल्ब घातलेत. होल्डरमध्ये चपखल बसतात, काहीही कापावं लागत नाही, आणि खोक्यावर ल्युमेनचा, म्हणजे एकूण किती उजेड निघतो त्याचा, आकडा बघून माणूस भारावतो. भिंतीवर लावल्यावर कड अशी नव्हतीच. रेघेच्या खाली दोन भडक डाग, मध्ये अंधाराचा पट्टा, आणि रेघेच्या वर छातीपर्यंत पसरलेला पांढरा उजेड. यात बल्ब खराब आहे असं नाही. मागचा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेला असतो. एच११ या फॉग लॅम्पमधल्या नेहमीच्या हॅलोजन बल्बमध्ये ती तार काही मिलिमीटरची, गोल, चहूबाजूंनी सारखी पेटणारी. तिच्या ठरलेल्या जागेवरून निघालेला उजेड कुठे जाईल हे धरून आरशाचा प्रत्येक भाग वळवलेला असतो. तिथे सपाट पट्टीच्या दोन अंगांना चिकटवलेले चिप आले की उजेड निघायची जागा आणि दिशा दोन्ही बदलतात. एच११ हॅलोजन १३५० ल्युमेनच्या आसपास देतो. त्याच्या दुप्पट ओतले आणि त्यातले बरेच रेघेच्या वर गेले, तर ते रस्त्यासाठी नाहीत, समोरच्यासाठी आहेत. शेजारी म्हणाले, "पण मला तर मस्त दिसतं." खरं आहे. तिथून मस्तच दिसतं.

आता समोरची बाजू. ताईला बोलावलं होतं. तिचं वय सत्तरीला टेकलंय, एका डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, आणि अजून गाडी चालवते. माझा सहायक पोरगा मोटारसायकलवाला, म्हणजे काचही मध्ये नाही, फक्त हेल्मेटची ओरखडे पडलेली व्हायझर. ताई तिच्या गाडीत, पोरगा तिच्या शेजारी मोटारसायकलवर, दोघंही साधारण ५० मीटरवर, समोरच्या लेनमध्ये असतील अशा बेताने. माझ्या गाडीच्या पुढे, लेनच्या कडेला, मी काळा कोट घालून उभा राहिलो. काळा कोट नाटकवाल्याकडे असतोच.

आधी नुसता लो बीम. दोघांनाही मी दिसत होतो. मग लो बीम आणि माझे पिवळे फॉग. पोराला फरक नाही. ताई म्हणाली, "दिवे आहेत हे कळतं, पण बोचत नाहीत. तू दिसतोयस." मग माझ्या जागी शेजाऱ्यांची गाडी, लो बीम आणि पांढरे बल्ब. पोरगा लगेच ओरडला, "दादा, बंद करा आधी!" ताईने हात कपाळाशी आडवा धरला होता. विचारलं, मी दिसतोय का? "कुठे आहेस तू? दिव्यांना काटे फुटलेत नुसते." मी तिथेच उभा होतो, लॅम्पपासून हाताच्या अंतरावर.

ताईचं वय हा किरकोळ मुद्दा नाही. डोळ्यात शिरलेला उजेड आतल्या आत विखुरतो आणि डोळ्याच्या पडद्यावर एक धुकट पापुद्रा पसरवतो. त्यात बारीक, काळसर गोष्टी बुडतात. त्रास किती होईल हे दोन गोष्टींवर ठरतं: डोळ्याशी पोचणारा उजेड, आणि आपली नजर जिथे आहे तिथपासून दिव्याचा कोन. कोन निम्मा झाला की पापुद्रा चौपट दाट होतो. म्हणून दूरवर, जवळजवळ नाकासमोर असलेला दिवा छळतो आणि शेजारून जाताना तोच दिवा चालून जातो. उजेडाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे सीआयईने, २००२ साली दिलेल्या सूत्रात वयाचाही हिशेब आहे, आणि त्याप्रमाणे सत्तराव्या वर्षी हा पापुद्रा तरुण डोळ्याच्या दुप्पट होतो. मोतीबिंदू त्याहून वेगळा. तेव्हा "मला नाही बुवा त्रास होत" असं तिशीतला माणूस म्हणतो, त्याला तेवढाच अर्थ.

पिवळ्या रंगाबद्दल विक्रेते जे सांगतात ते कानाआड करा. "पिवळा उजेड धुकं भेदतो" हे मी पूर्वी दिव्याच्या दुकानातही ऐकलंय आणि नाटकवाल्यांकडूनही. धुक्यातले थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, आणि एवढे मोठे थेंब सगळे रंग सारखेच उधळतात. धुकं पांढरं दिसतं ते त्यामुळेच, नाहीतर आभाळासारखं निळं दिसलं असतं. पिवळ्याचा खरा फायदा वेगळा: त्यातून निळा अंश काढलेला असतो, आणि डोळ्याला बोचणारा अंश तोच. फ्रान्समध्ये १९३६ च्या नियमापासून १९९३ पर्यंत मोटारींचे पुढचे दिवेच पिवळे असायचे. तिथलं धुकं त्यामुळे विरळ झालं नाही. मला पिवळा आवडतो याचं एक जास्तीचं कारण आहे. स्वच्छ रात्री तो चुकून चालू राहिला तर भिंतीवर, पुढच्या गाडीच्या डिकीवर लगेच वेगळा दिसतो. पांढरा लो बीममध्ये मिसळून जातो आणि माणूस तासन्‌तास विसरतो.

आणि आता सीटवरून. दाट धुक्यात, जिथे पुढचा रस्त्याचा पट्टा दिसेल की नाही अशी स्थिती होती, तिथे लॅम्पनी काम चोख केलं. दोन्ही बाजूंच्या कडा, पट्टे, गवत, कठड्याचा पाया, हे सगळं जवळून आणि रुंद दिसतं. वळणावर विशेष, कारण लो बीम जिकडे पोचत नाही त्या कोपऱ्यात याचा उजेड जातो. लो बीम बंद करून नुसत्या फॉगवर जावं असा मोह काही जणांना होतो. करू नका, समोरच्याला गाडीची उंची आणि अंतर यांचा अंदाज येत नाही.

स्वच्छ रात्री? काडीचाही उपयोग नाही. हे लॅम्पचं वैगुण्य नाही, त्याच्या घडणीतच आहे. गणित करून बघा. ४५ सेंटिमीटरवरून दीड टक्का खाली जाणारी कड ३० मीटरवर रस्त्याला टेकते. तिथे याचा उजेड संपला. ब्रिटनच्या हायवे कोडमधला तक्ता घ्या: ताशी ३० मैलांना, म्हणजे ४८ किलोमीटरला, गाडी थांबायला २३ मीटर लागतात, ताशी ५० मैलांना, म्हणजे ८० किलोमीटरला, ५३. म्हणजे फॉग लॅम्प हा तब्येतीनेच ताशी ५० किलोमीटरच्या आतला दिवा आहे. जर्मनीत तर धुक्यामुळे ५० मीटरच्या आतच दिसत असेल तेव्हा वेगही ५० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. दिवा आणि वेग यांची जोडी तिथे कायद्याने लावून दिली आहे.

उपयोग नाही एवढ्यावर भागत नाही, नुकसानही होतं. चाकांपुढचे २०-२५ मीटर भगभगीत उजळले की डोळा त्या उजेडाला सरावतो, आणि लांबचा मंद भाग आणखी मंद होतो. माणसाला मात्र उलटं वाटतं: पुढे किती छान उजेड पडलाय! रंगमंचाच्या पुढच्या कडेला जास्त उजेड टाकला की मागचा पडदा खड्ड्यात गेल्यासारखा दिसतो, हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी दाखवतो. गाडीत हे कुणी दाखवत नाही. मी ते निर्मनुष्य, सरळ रस्त्यावर करून बघितलं. लांबच्या मैलाच्या दगडावरचा आकडा लो बीमवर वाचता येत होता त्याच अंतरावरून फॉग लावल्यावर वाचता येईना. दोन-चारदा चालू-बंद केलं, तेच.

पाऊस थांबल्यावरचा ओला डांबरी रस्ता हा याहून वाईट. खाली रोखलेला उजेड कोरड्या डांबरावर बराचसा विखुरतो, त्यातला काही आपल्याकडे परत येतो म्हणून रस्ता दिसतो. ओल्यावर तो पाण्याच्या थरावरून आरशासारखा परावर्तित होऊन थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. सगळ्यात चांगला, सगळ्यात नीट रोखलेला फॉग लॅम्पही इथे हरतो. माझाही हरला. ताईने या वेळी "बोचत नाही" म्हटलं नाही. धो धो पावसात, समोरचं दिसतच नसताना ते चालवून घ्यावं लागतं. पाऊस थांबल्यावर दांडी फिरवून बंद करायला एक सेकंद लागतो.

मागच्या फॉग लॅम्पबद्दल लिहायलाच हवं. तो या जोडीत नाही, गाडीसोबतच आला होता, पण जास्त छळणारा तोच. मागच्या साध्या लाल दिव्याची किमान तीव्रता ४ कँडेला (एका दिशेला जाणाऱ्या उजेडाचं माप) असते. मागच्या फॉग लॅम्पची किमान १५० आणि कमाल ३००. दाट धुक्यात मागून येणाऱ्याला गाडी वेळेवर दिसावी म्हणून तो तसा आहे, आणि त्या कामाला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण स्वच्छ रात्री सिग्नलला त्याच्या मागे उभं राहा! शिवाय त्याची झळाळी ब्रेक लाइटच्या तोडीची, त्यामुळे खरा ब्रेक कधी लागला ते कळत नाही. नियम करणाऱ्यांना हे ठाऊक आहे; म्हणून तर तो ब्रेक लाइटपासून निदान १०० मिलिमीटर लांब असावा असं लिहिलंय. जर्मनीत तो फक्त धुक्यात, आणि तेही ५० मीटरच्या पलीकडचं दिसत नसेल तरच लावता येतो. ते ५० मीटर मोजायचे कसे? रस्त्याच्या कडेला जे पांढरे खांब असतात ते तिथे एकमेकांपासून ५० मीटरवर रोवलेले असतात. पुढचा खांब दिसतोय का, एवढंच बघायचं. एवढी सुटसुटीत मोजपट्टी मी दुसरी पाहिली नाही. ब्रिटनमध्ये हद्द साधारण १०० मीटर आहे, आणि दिसायला लागलं की फॉग लॅम्प बंद करणं सक्तीचं. हवामान खातं १ किलोमीटरच्या आत दिसत असेल तर त्याला धुकं म्हणतं, त्यामुळे "बातम्यांत धुकं सांगितलंय" एवढ्यावर हा लाल दिवा लावायचं कारण नाही. आणि धुक्यातही, मागचा माणूस आपल्या मागे येऊन स्थिरावला, त्याचे दिवे आरशात नीट दिसायला लागले, की त्या दिव्याचं काम झालं. मग तो फक्त त्याचे डोळे जाळतो.

चालू राहतो तो बहुतेक वेळा द्वाडपणाने नाही, चित्र न कळल्याने. डॅशबोर्डवर दोन चित्रं असतात, दोन्हींत उजेडाच्या रेघा आणि त्यांना छेदणारी नागमोडी रेघ. हिरवं, रेघा डावीकडे आणि खाली झुकलेल्या: पुढचे. पिवळट-नारिंगी, रेघा उजवीकडे आणि आडव्या: मागचा. नारिंगी पेटलेलं असेल आणि बाहेर तारे दिसत असतील तर ते बंद करायचं, इतकं सोपं आहे.

अशा गाडीवाल्याला सांगायचं कसं, याचं मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. डिपर मारला तर तो समजतो पुढे पोलीस आहेत, किंवा मी त्याला पुढे जा म्हणतोय, किंवा भांडायला आलोय, आणि उलट अप्पर मारतो. मी डिपर मारणं सोडून दिलं. नजर आपल्या बाजूच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर न्यायची, त्यामुळे तो वर सांगितलेला कोन वाढतो आणि पापुद्रा विरतो. वेग कमी करायचा. मागून त्रास असेल तर आतल्या आरशाखालची कळ ओढायची. पेट्रोल पंपावर किंवा चहाला थांबलेला भेटला तर मात्र जाऊन सांगतो. "काका, मागचा लाल दिवा चालू राहिलाय" म्हटलं की माणूस ओशाळतो आणि लगेच बंद करतो. "तुमच्यामुळे मला दिसत नव्हतं" म्हटलं की गाडीचे गुण ऐकावे लागतात.

परत या जोडीकडे. तक्रारी तीन-चार आहेत. सोबत आलेला स्विच टिचकीचा आहे, मारला की तसाच राहतो. गाडी बंद करून दुसऱ्या दिवशी लावली, दिवे लावले, की फॉगही पेटतात. असला स्विच मला या वस्तूसोबत द्यायला नको होता. मी तो काढून दाबकळ आणि वेगळा रिले घातला, आता गाडी बंद झाली की फॉग विसरतो आणि पुन्हा दाबल्याशिवाय लागत नाही. स्विचमधला छोटा दिवा निळा आहे, आणि रात्री डोळ्याच्या कोपऱ्यात टोचतो. त्यावर जिलेटिनचा, म्हणजे नाटकाच्या दिव्यांपुढे लावतात त्या रंगीत कागदाचा, तुकडा चिकटवला. एलईडीची काच गार राहते, त्यामुळे बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्यांच्या काचेवर बर्फ साचेल आणि वितळणार नाही. हॅलोजनची उष्णता तिथे कामाला येते. आणि काचेवर चिखल वाळला की ती सुंदर कड गेलीच. चिखलाचा प्रत्येक कण उजेड वर उडवतो. धुक्याच्या दिवसांत निघण्यापूर्वी फडकं मारणं आलं.

पाणी मात्र आत गेलेलं नाही, कनेक्टर घट्ट आहेत, आणि पंख पाऊण तास चालवल्यावरही हात लावता येईल इतपतच तापतात.

पाचपैकी चार. कापलेला एक तारा त्या स्विचचा आणि सूचनांच्या कागदाचा. ज्यांच्या वाटेवर धुकं पडतं त्यांनी जरूर घ्यावी. ज्यांच्या गाडीत आधीच हॅलोजनचे फॉग आहेत त्यांनी आधी काच पुसून, कड भिंतीवर बघून, गरज वाटली तरच. आणि ज्यांना स्वच्छ रात्री जास्त लांबचं दिसायला हवंय त्यांनी ही जोडी घेऊ नये. लो बीमची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्यावी, बल्ब जुना झाला असेल तर त्याच वॅटचा नवा घालावा, समोर कुणी नसेल तेव्हा हाय बीम लावावा. एक राहिलं: ब्रॅकेटचे नट खडबडीत रस्त्यावर थोडे सैल होतात. बसवल्यावर काही दिवसांनी पाना फिरवा, आणि त्यानंतर गाडी पुन्हा एकदा भिंतीसमोर उभी करा.